घरात कुणाला सीजेडी आहे असं डॉक्टर म्हणाले तर पुढे काय करायचं

सीजेडी म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब डिसीज, हे नाव बहुतेक लोक आयुष्यात पहिल्यांदा ऐकतात ते न्यूरोलॉजिस्टच्या केबिनमध्येच. मग बाहेर आल्या आल्या मोबाईल काढून सर्च, आणि पुढचे दोन तास मॅड काऊ, नरभक्षण, संसर्ग, काहीच उपाय नाही असलं सगळं एकत्र वाचून हातपाय गार पडतात. त्यातलं काही खरं आहे, बरंचसं तुमच्या पेशंटला लागूच नसतं, आणि जे खरंच कामाचं असतं, म्हणजे उद्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, घरी आणल्यावर काय सोय लागेल, जवळ बसायला घाबरायचं का, ते एका जागी सापडतच नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस वगैरे इथे शोधू नका, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी आजार काय आहे ते थोडक्यात, कारण हे कळलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. आपल्या सगळ्यांच्याच मेंदूत प्रिऑन प्रोटीन नावाचं एक साधं प्रोटीन असतं, ते बनवणारा जीन २० नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, त्याचं नाव पीआरएनपी. या प्रोटीनची घडी नीट असते तोवर काही त्रास नाही, पण कधीतरी एखाद्या रेणूची घडी चुकते आणि मग तो शेजारच्या चांगल्या रेणूंना पण आपल्यासारखंच चुकीचं वळवायला लागतो, ते पुढच्यांना, आणि असं करत करत मेंदूच्या पेशी मरायला लागतात, मायक्रोस्कोपखाली मेंदूला स्पंजसारखी भोकं दिसतात. यात व्हायरस नाही, बॅक्टेरिया नाही, डीएनए पण नाही. म्हणून ताप येत नाही, रक्ताच्या साध्या रिपोर्टमध्ये काही दिसत नाही आणि अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. नुसतं प्रोटीन आजार पसरवू शकतं हे स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ साली मांडलं तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांनी त्यांना उडवून लावलं होतं, पुढे १९९७ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

दरवर्षी दहा लाख लोकांमागे साधारण एक ते दोन जणांना हा आजार होतो. त्यातल्या जवळजवळ ८५ टक्के केसेस स्पोरॅडिक, म्हणजे बाहेरचं काहीही कारण नसताना, बहुतेक साठीच्या आसपास, आपोआप सुरू झालेल्या. १० ते १५ टक्के जनुकीय. आणि बाहेरून लागण झालेल्या एक टक्क्याहून कमी. हे आकडे मुद्दाम सांगतेय कारण घरात पहिला प्रश्न हाच येतो की असं काय खाल्लं, काय चुकलं, कुठून आणलं, आणि मग कुणीतरी स्वतःला नाहीतर दुसऱ्याला दोष द्यायला लागतं. स्पोरॅडिक सीजेडीमध्ये कुणाचंच काही चुकलेलं नसतं. मॅड काऊशी संबंध असतो तो व्हेरियंट सीजेडीचा, गायींमधला तो आजार ब्रिटनमध्ये १९८६ ला ओळखला गेला, माणसांमधल्या केसेस १९९६ मध्ये जाहीर झाल्या आणि आजपर्यंत ब्रिटनमध्ये १७८ जण त्यात गेले, तेही बहुतेक तरुण. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधला कुरू हा याच जातीचा आजार तर मेलेल्या नातेवाइकांचं मांस खाण्याच्या अंत्यविधीतून पसरला होता, ती प्रथा १९५० च्या दशकाच्या शेवटी थांबली आणि आजारही हळूहळू संपला. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला यातलं काहीही लागू होण्याची शक्यता नाहीच्या बरोबर, त्यामुळे मॅड काऊवरचे व्हिडिओ बघणं पहिल्या दिवशीच बंद करा.

आधी संशय घ्या, पूर्ण घ्या

सुरुवातीच्या दिवसात तुमचं एकच काम, हा सीजेडी सोडून दुसरं काही बरं होण्यासारखं तर नाही ना हे डॉक्टरांकडून तपासून घेणं. काही आठवड्यांत झपाट्याने विसरभोळेपणा वाढला, चालताना तोल जायला लागला, अंगाला झटके यायला लागले की सीजेडीचं नाव निघतं, पण असंच चित्र उभं करणारे बरेच आजार आहेत आणि त्यातल्या कितीतरी आजारांवर औषध आहे. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. त्याचा एलजीआय१ अँटिबॉडीवाला प्रकार तर सीजेडी समजला जाण्यात पटाईत. त्यात चेहरा आणि त्याच बाजूचा हात असे एकदम सेकंदभर आखडतात, दिवसातून कितीतरी वेळा, आणि रक्तातलं सोडियम बऱ्याचदा कमी असतं. असं काही दिसत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनने असे पेशंट चांगले सुधारतात. थायरॉइडच्या अँटिबॉडींशी जोडलेला एक प्रकार आहे तोही स्टेरॉइडने बरा होतो.

बाकी यादी मोठी आहे. बी१२ ची कमतरता, थायामिनची कमतरता, लिव्हर किंवा किडनी बिघडल्यामुळे आलेला गोंधळ, हर्पिसचा मेंदूज्वर, मेंदूचा टीबी, सिफिलिस, एचआयव्ही, मेंदूतला लिम्फोमा, रक्तवाहिन्यांची सूज, डोक्याला लागून कवटीखाली साचलेलं रक्त, लिथियमसारख्या औषधांची विषबाधा. आणि एक फसवा प्रकार म्हणजे आतल्या आत चालू असलेली फिट, बाहेरून झटके दिसत नाहीत, माणूस नुसता शून्यात बघत बसतो, ती फक्त ईईजीवरच, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या मेंदूच्या लहरींच्या आलेखावरच कळते.

यासाठी तुम्ही घरचे लोक काय करू शकता? दोन गोष्टी, आणि या दोन्ही तुमच्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. एक म्हणजे तारखेप्रमाणे लिहून काढा की पहिलं काय बदललं. सगळ्यात आधी काय, हिशोब चुकायला लागले, रस्ता विसरला, जिना उतरताना भिंत धरायला लागला, दिसायला धूसर झालं, का चिडचिड आणि रडणं सुरू झालं? डॉक्टर विचारतात तेव्हा घाबरलेला माणूस सगळं एकत्र सांगतो, त्यातून क्रम कळत नाही, आणि क्रमावरूनच बरंच काही कळतं. मोबाईलवर चालण्याचे, बोलण्याचे, झटक्यांचे छोटे व्हिडिओ काढा, ओपीडीत दहा मिनिटांत झटका येईलच असं नाही. दुसरं, मागच्या वर्षभरात घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी, झोपेच्या गोळ्या, मानसिक आजाराच्या गोळ्या, दुकानातून आपली आपण आणलेली औषधं, जडीबुटी, काही लपवू नका.

डोळ्यांचं जरा वेगळं सांगते. सीजेडीच्या एका प्रकारात सुरुवातच नजरेपासून होते, रंग विचित्र दिसतात, वस्तू वाकड्या दिसतात, पण खराबी डोळ्यात नसून मेंदूच्या मागच्या भागात असते. असे पेशंट आधी चष्मा बदलून घेतात, काहींचं तर मोतीबिंदूचं ऑपरेशनही होऊन जातं आणि फरक पडत नाही. तुमच्याकडे असं झालं असेल तर न्यूरोलॉजिस्टला सांगाच, आणि निदान झाल्यावर त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही कळवा, त्याचं कारण खाली उपकरणांच्या भागात येईल.

टेस्टचं बोलायचं तर तीन मुख्य. एमआरआय करताना डिफ्युजन नावाचा सिक्वेन्स घेतलाय ना हे विचारा, कारण सीजेडी तिथेच सगळ्यात आधी दिसतो, मेंदूच्या सालीवर रिबिनीसारखा पांढरा पट्टा किंवा आत खोलवर कॉडेट आणि प्युटामेन हे भाग चमकताना. पहिल्या रिपोर्टमध्ये हे सुटून जाणं काही दुर्मिळ नाही, रेडिओलॉजिस्टने असल्या केसेस फारशा पाहिलेल्याच नसतात, त्यामुळे फिल्म नाही तर सीडी हातात घ्या आणि ज्याने असे आजार पाहिलेत अशा न्यूरोलॉजिस्टला दाखवा. ईईजीमध्ये साधारण सेकंदाला एक अशा टोकदार लहरी ठेक्यात येताना दिसू शकतात, पण बऱ्याच पेशंटमध्ये सुरुवातीला दिसत नाहीत, म्हणून नॉर्मल ईईजी आला म्हणजे सुटलो असं नाही.

तिसरी टेस्ट म्हणजे पाठीतलं पाणी काढून केलेली. यात पूर्वी १४-३-३ नावाच्या प्रोटीनवर भर होता, अजूनही ती टेस्ट होते, पण ते प्रोटीन मेंदूच्या पेशी कुठल्याही कारणाने मरत असल्या तरी वाढतं, स्ट्रोकनंतर, फिटनंतर, एन्सेफलायटिसमध्ये. तेवढ्या एका पॉझिटिव्ह रिपोर्टवरून सीजेडीचा शिक्का मारून घेऊ नका. आरटी-क्विक नावाची टेस्ट त्यापेक्षा खूप भरवशाची आहे, ती थेट चुकीच्या घडीचं प्रिऑन प्रोटीन पकडते, स्पोरॅडिक सीजेडीच्या ९० टक्क्यांहून जास्त केसेस त्यात सापडतात आणि आजार नसताना ती पॉझिटिव्ह येणं अगदी क्वचित. मात्र ती मोजक्याच लॅबमध्ये होते, सँपल पाठवावं लागतं आणि वेळ जातो, शिवाय काही जनुकीय प्रकारांत आणि व्हेरियंट सीजेडीत ती निगेटिव्ह येऊ शकते. त्याच पाण्यातून आणि रक्तातून ऑटोइम्यून अँटिबॉडींचं पॅनेल पण जाऊ द्या, दोन्हींतून, एकातून नाही. आणि स्टेरॉइड सुरू करायच्या आधी सँपल काढून ठेवलंय ना हे विचारायचं विसरू नका.

बरेच डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता काही दिवस स्टेरॉइडचा कोर्स देऊन बघतात. माझ्या मते हा कोर्स मागून घ्यावा, डॉक्टरांना योग्य वाटत असेल तर, कारण ऑटोइम्यून असेल तर माणूस परत मिळतो. फक्त दोन-चार दिवस थोडं बरं वाटलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, सीजेडीचे पेशंटही कधीकधी स्टेरॉइडने थोडा वेळ तरतरीत होतात.

आणि मग शोध थांबवा

हा भाग लिहायला अवघड आहे पण सगळ्यात महत्त्वाचा हाच. एमआरआय जुळतोय, आरटी-क्विक पॉझिटिव्ह आहे, बाकी आजार बाद झालेत, तब्येत आठवड्याला घसरतेय, अशा वेळी चौथं हॉस्पिटल, पाचवा एमआरआय, दुसऱ्या शहरातला मोठा डॉक्टर हे थांबवावं लागतं. स्पोरॅडिक सीजेडीत पहिल्या लक्षणापासून निम्मे पेशंट साधारण चार ते सहा महिन्यांत जातात आणि ९० टक्के एका वर्षाच्या आत. निदान व्हायलाच बऱ्याचदा दोन-तीन महिने गेलेले असतात. म्हणजे हातात जे उरतं ते आठवड्यांत मोजायचं असतं, आणि त्यातले पंधरा दिवस गाडीत आणि वेटिंग रूममध्ये गेले तर ते परत येत नाहीत.

उपाय शोधू नका असं म्हणत नाहीये, पण शोधताना काय काय करून झालंय ते माहीत असू दे. क्विनाक्राइन हे मलेरियाचं जुनं औषध, डॉक्सिसायक्लिन, दोन्हींच्या नीट ट्रायल झाल्या आणि आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पेंटोसन पॉलिसल्फेट थेट मेंदूच्या पोकळीत नळीने सोडून पाहिलं, बरं कुणी झालं नाही. ब्रिटनमध्ये पीआरएन१०० नावाची अँटिबॉडी सहा पेशंटना देऊन पाहिली, आजार थांबला नाही. सध्या ज्यावर आशा आहे ती औषधं शरीरात प्रिऑन प्रोटीन बनणंच कमी करायचं काम करतात, त्यातल्या एकाची, आयओएन७१७ ची, माणसांवर ट्रायल सुरू झालेली आहे. तुमच्या पेशंटला अशा ट्रायलमध्ये घेता येईल का हे न्यूरोलॉजिस्टला एकदा सरळ विचारा, नाही म्हणाले तर ते दार बंद. आणि जो कुणी स्टेम सेल, खास काढा किंवा मेंदू डिटॉक्स करून सीजेडी बरा करतो म्हणतो तो पैसे काढतोय, इतकं साधं आहे ते.

डॉक्टरांना या टप्प्यावर विचारायचे प्रश्न वेगळे असतात. पुढचे चार आठवडे कसे जातील? गिळणं कधी बंद होईल असं वाटतं? रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा? पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होत नसताना त्रास कमी ठेवणारी टीम आहे का, घरी येते का? झटक्यांसाठी आणि अस्वस्थपणासाठी औषध आत्ताच लिहून देता का म्हणजे रात्री दोन वाजता धावपळ नको? हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

याच आठवड्यात अजून एक काम, पेशंटची सही आणि संमती लागणारी सगळी कागदपत्रं. मृत्युपत्र, बँक, विमा, फोनचे पासवर्ड. प्रत्येक देशात कायदा वेगळा त्यामुळे वकील गाठा, पण आज गाठा. अल्झायमरमध्ये याला वर्षं मिळतात, इथे माणूस या सोमवारी नीट बोलत असतो आणि पुढच्या सोमवारी सही करायच्या अवस्थेत नसतो. आणि तो बोलू शकतोय तोवर त्यालाच विचारा की नळीने खायला घालायचं का, व्हेंटिलेटर हवा का, घरी राहायचंय का. विचारायला जीभ रेटत नाही हे कबूल, पण नंतर हे निर्णय भावंडांमध्ये भांडणं लावतात.

जवळ बसायला घाबरायचं का

नाही. मिठी मारा, हात धरा, पापी घ्या, एका ताटात जेवा, एकाच खोलीत झोपा. हा आजार हवेतून, स्पर्शातून, थुंकीतून, भांड्यांतून, नवराबायकोच्या संबंधातून पसरत नाही, आणि पेशंटची वर्षानुवर्षं सेवा केलेल्यांना त्यामुळे तो जास्त होतो असंही दिसलेलं नाही. घरातली गरोदर बाई, लहान मुलं सगळे जवळ जाऊ शकतात. कपडे नेहमीसारखे धुवायचे, संडास-लघवी साफ करताना ग्लोव्ह्ज घालायचे ते कुणाचंही करताना घालतो तसेच, रक्त सांडलं तर ग्लोव्ह्ज घालून ब्लीचने पुसायचं, हाताला कापलं असेल तर पट्टी लावायची, संपलं. वेगळी खोली, वेगळी भांडी, मास्क यातलं काहीही लागत नाही, आणि एखाद्या नर्सने किंवा अटेंडंटने जवळ यायला नकार दिला तर तिला ओरडू नका, डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या आणि दाखवा.

धोका आहे तो फक्त एका ठिकाणी, मेंदू, पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू आणि डोळे यांच्याशी थेट संबंध आलेली उपकरणं आणि टिश्यू. हे पूर्वी झालेलं आहे. १९७४ मध्ये नोंद झालेल्या कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) ट्रान्सप्लांटमधून, नंतर मेंदूत घातलेल्या इलेक्ट्रोडमधून, मृतांच्या पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीतून काढलेल्या ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनमधून, मृतांच्या मेंदूवरच्या आवरणाच्या पॅचमधून. प्रिऑन साध्या उकळण्याने मरत नाही, स्पिरिटने नाही, फॉर्मॅलिनने तर तो उलट टिकून राहतो. हॉस्पिटलला १३४ अंशाला १८ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) किंवा तासभर कडक सोडियम हायड्रॉक्साइड असले उपाय करावे लागतात, काही उपकरणं तर फेकूनच द्यावी लागतात. म्हणून नियम एकच, पेशंटचं कुठलंही ऑपरेशन, दाताचं काम, एंडोस्कोपी, पाठीतलं पाणी काढणं, काहीही असलं तरी आधी सांगायचं. मागे म्हटलं ते मोतीबिंदूचं ऑपरेशन याच कारणाने कळवायचं. आणि पेशंटचं रक्त, डोळे, अवयव दान करता येत नाहीत, कितीही इच्छा असली तरी.

घरी सांभाळताना

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, सोय आजची नाही, दोन आठवड्यांनंतरची करायची. आज काठी लागतेय तर व्हीलचेअर मागवा, आज व्हीलचेअर लागतेय तर कठड्याचा हॉस्पिटल बेड आणि एअर मॅट्रेस मागवा. आजार इतका पुढे धावतो की गरज पडल्यावर ऑर्डर केलेली वस्तू घरी येईपर्यंत निरुपयोगी झालेली असते, म्हणून विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्या.

झटके हे बघणाऱ्याला सगळ्यात भयंकर वाटतात. मायोक्लोनस म्हणतात त्याला, अंग एकदम दचकल्यासारखं उडतं. आवाजाने, अचानक हात लावल्याने, लाईट लागल्याने ते वाढतात. त्यामुळे खोलीत दाराची बेल, फोनची रिंग, मिक्सर, टीव्ही हे सगळं कमी, लाईट मंद, आणि जवळ जाताना समोरून, आधी नाव घेऊन, मग हात. मागून येऊन खांद्यावर हात ठेवलात तर अख्खं अंग उडेल. क्लोनाझेपाम, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम यातलं काहीतरी डॉक्टर देतात आणि बऱ्यापैकी आराम पडतो, थोडी गुंगी येते ती चालवून घ्यायची.

भास होतात, नसलेली माणसं दिसतात, भीती वाटते. वाद घालू नका, असं काही नाहीये हे दहा वेळा सांगून उपयोग नसतो, मी इथे आहे एवढं पुरतं. एकदम जास्त अस्वस्थ झाला तर आधी लघवी तुंबली आहे का, संडास चार दिवस झाली नाही का, कुठे दुखतंय का, डायपर ओला आहे का हे बघा, बोलता न येणारा माणूस त्रास असाच सांगतो. हे सगळं ठीक असेल तर डॉक्टरांना फोन करून औषध वाढवून घ्या, उगाच सहन करत बसू नका.

खाणं हा रोजचा लढा होतो. पूर्ण ताठ बसवून, छोटा चमचा, हनुवटी थोडी खाली, एक घास गिळला की नाही बघून दुसरा, घाई बिलकुल नाही, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाण्यापेक्षा दाटसर गोष्टी गिळायला सोप्या जातात. खोकला येतोय, आवाज ओला येतोय, गालात घास तसाच राहतोय म्हणजे अन्न श्वासनलिकेत जायला लागलंय, आणि शेवटी बहुतेक पेशंट जातात ते त्यातून होणाऱ्या न्यूमोनियानेच. तोंड दिवसातून तीन-चार वेळा ओल्या कापसाने पुसून घ्या, ओठांना काहीतरी लावत राहा.

नाकातून किंवा पोटातून नळी घालायची का, यावर प्रत्येक घर वेगळं ठरवतं. माझं मत विचाराल तर निदान पक्कं नसताना, स्टेरॉइड चालू असताना, नळी जरूर घाला, वेळ विकत घ्या. पण पक्कं झाल्यावर नळीने आजार थांबत नाही, न्यूमोनिया टळत नाही, बऱ्याचदा हात बांधून ठेवावे लागतात कारण पेशंट नळी ओढतो. न घातल्यास उपाशी मारलं असं नातेवाईक म्हणतील. शेवटच्या टप्प्यात शरीराची भूकच गेलेली असते हे पॅलिएटिव्हच्या डॉक्टरकडून सगळ्यांसमोर एकदा वदवून घ्या, तुमच्या तोंडून कुणी ऐकणार नाही.

शेवटी शेवटी माणूस डोळे उघडे ठेवून पडून राहतो, बोलत नाही, हलत नाही, ओळखतो का कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी रोज बघा, लाल दिसली की त्या बाजूवर वजन देऊ नका. बोलत राहा, नेहमीच्या आवाजात, रोजच्याच गोष्टी. आणि सांभाळणाऱ्या मुख्य माणसाला रोज काही तास सलग झोप मिळालीच पाहिजे, त्यासाठी पाळ्या लावा. भेटायला येणाऱ्यांना रिकामं बसवू नका, दोन तास पेशंटजवळ बसायला सांगा.

वरचं वेळापत्रक स्पोरॅडिकचं आहे. गर्स्टमान-श्ट्रॉइसलर-शाइंकर हा जनुकीय प्रिऑन आजार तोल जाण्यापासून सुरू होतो आणि काही वर्षं चालतो, त्यात सगळी धावपळ पहिल्या महिन्यात करायची गरज नाही. फेटल फॅमिलियल इन्सोम्निया या दुसऱ्या जनुकीय प्रिऑन आजारात मेंदूतला थॅलॅमस आधी जातो, झोपच लागत नाही, घाम, धडधड, बीपी वर-खाली होतं, आणि झोपेच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, तिथे सांभाळणाऱ्यांच्या रात्रपाळ्या पहिल्या दिवसापासून लावाव्या लागतात.

मुलांना होईल का

हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात असतो आणि कुणी विचारत नाही. उत्तर पीआरएनपी जीनच्या रक्ततपासणीत आहे. घराण्यात कुणालाच असं झालं नव्हतं म्हणून ही टेस्ट टाळू नका, जनुकीय निघालेल्या बऱ्याच पेशंटच्या घरात आधीची केस माहीतच नसते, आजोबा म्हातारचळाने गेले असं कायतरी सांगितलेलं असतं. पेशंट हयात असतानाच रक्त देऊन ठेवा. जीनमध्ये बदल नाही सापडला तर मुलांचा प्रश्न मिटला. सापडला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी.

पुढे मुलांनी स्वतःची टेस्ट करायची की नाही हा त्यांचा त्यांचा निर्णय, घरच्यांनी आग्रह करायचा नाही, आणि लहान मुलांची तर करायचीच नाही, ती मोठी होऊन स्वतः ठरवतील. जेनेटिक काउन्सेलरला भेटल्याशिवाय सँपल देऊ नका. काहींना कळलेलं बरं वाटतं, काहींना तो रिपोर्ट घेऊन जगणं जमत नाही, दोन्ही बरोबर. सोनिया वल्लभ यांची आई २०१० मध्ये जनुकीय प्रिऑन आजाराने गेली, २०११ मध्ये त्यांच्यातही तोच बदल सापडला, त्या वकील होत्या, नवरा एरिक मिनिकेल दुसऱ्याच क्षेत्रात, दोघांनी काम सोडून जीवशास्त्र शिकलं आणि आज अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत याच आजारावर औषध शोधतायत. सगळ्यांनी असं करावं असं अजिबात नाही, पण पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे लगेच आजार नसतो, मध्ये काही दशकं असू शकतात हे त्यावरून कळतं. मूल हवं असेल तर आयव्हीएफमध्ये गर्भाची आधीच तपासणी करून हा बदल नसलेला गर्भ निवडता येतो, आणि काही पद्धतींमध्ये आईवडिलांना स्वतःचा रिपोर्ट न सांगताही हे करतात. विमा काढायचा असेल तर टेस्टच्या आधी त्याचे नियम बघून घ्या. आणि घरात बदल सापडला असेल तर टेस्ट केली नसली तरी रक्तदान करू नका.

गेल्यानंतर

शंभर टक्के निदान फक्त मेंदूच्या तपासणीतूनच होतं, म्हणजे मृत्यूनंतर. करायची का हे आधीच ठरवून डॉक्टरांना सांगून ठेवा, कारण सगळीकडे ही सोय नसते, जिथे असते तिथेही आधी कळवावं लागतं आणि वेळेचं बंधन असतं. निदानाबद्दल थोडी जरी शंका असेल, किंवा जनुकीय टेस्ट राहून गेली असेल तर करून घ्या असं मी म्हणेन. रिपोर्टला काही आठवडे ते महिने लागतात, तो कुणाच्या नावाने आणि कुठल्या पत्त्यावर येणार हे तिथल्या माणसाकडून लिहून घ्या.

शवविच्छेदन केलं नसेल तर अंघोळ घालणं, कपडे बदलणं, पाया पडणं, दहन किंवा दफन, सगळं नेहमीसारखं करता येतं. केलं असेल तर शरीर गळणार नाही अशा पिशवीत देतात, ती उघडायची का आणि किती हे हॉस्पिटलला विचारून मगच उघडा. शव टिकवायला औषध भरायचं असेल तर भरणाऱ्याला आजार काय होता ते आधी सांगा. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हृदयक्रिया बंद एवढंच लिहून मोकळे होतात बऱ्याचदा, तिथे मूळ आजार म्हणून क्रॉइट्झफेल्ट-याकोब लिहायला सांगा, आणि दाखल्याच्या, एमआरआयच्या, जीन रिपोर्टच्या कॉपी स्कॅन करून भावंडांना आणि मुलांना मेल करून ठेवा, उद्या कुणाला ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलने घरात असा आजार होता का म्हणून विचारलं तर तेच कागद लागतात.